पाहुणचाराची पावती



गेल्या वर्षी आम्ही आपल्या शिवारातील दोन पाहुणघरे विकत घेतली. तो अनुभव सांगावा, असा मंडळाचा आग्रह. उजळाईवाडीचा विमानतळ शेजारी, कणेरी मठ जवळ, पण पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "गुऱ्हाळ केव्हा सुरू होणार?"

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती कागदपत्रे यांनी पाहिली. माझ्या वाट्याला आले पैसे मागणे! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दारी आलेल्याला रस्सा-भाकरी वाढून पावती कसली फाडतेस?" बोलणे खोटे नव्हे. पण चादरी धुणारीने, भाकरी थापणारीने आमच्या पाहुणचारासाठी फुकट का राबावे? घरच्या बाईचे कष्ट तर कुणी मोजतच नाही. म्हणून दरपत्रक ओसरीवर लावले आणि माझीही मजुरी वहीत मांडली. आकडा पाहून आमचे हे गप्पच झाले. सासूबाईंची अट एकच : निघताना मुलांच्या हाती गुळाचा खडा द्यायचा, आणि तो हिशेबात धरायचा नाही.

येत्या हंगामात पहाटे भाकरीला आणखी दोघीजणी लागतील. ज्यांना जमेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे. मजुरीचे आधी बोलून घेऊ.