थंड पाण्यातली परीक्षा

(१९८० च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘निवृत्तीनंतर काय करतोस?’ असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. ‘बागेत आगगाडी चालवतो,’ म्हटलं की सगळे हसतात. पण ती चावीची किंवा विजेची नाही, खऱ्या वाफेवर धावणारी आहे.

आपली माथेरानची सहल आठवते? नेरळहून धापा टाकत चढणारं ते इंजिन? १९०७ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेच्या दोन रुळांत २ फुटांचं अंतर आहे. माझ्या बागेत ते ३२ मिलिमीटर, म्हणजे साधारण १९ पट लहान. इंजिन फूटभर लांब, आत तांब्याचा बॉयलर, त्याला ब्युटेन गॅसची ज्योत. पाच-सात मिनिटांत दाब चढतो. सिलिंडर थंड असल्यामुळे आधी वाफेचं पाणी होतं आणि धुराड्यातून गरम शिंतोडे उडतात. मग फुसफुस सुरू होते आणि गाडी वीसेक मिनिटं फिरते. गॅसची टाकी मुद्दाम लहान ठेवतात, कारण पाणी संपण्याआधी आग विझायला हवी. कोरडा बॉयलर तापला की गेलाच.

पहिला बॉयलर मी स्वतः केला. कापणं, ठोकणं, सिल्व्हर ब्रेझिंग, सगळं धरून तीन महिने लागले. पेटवण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची असते. आत हवा न ठेवता थंड पाणी काठोकाठ भरायचं आणि पंपाने कामाच्या दुप्पट दाब द्यायचा. माझा कामाचा दाब ४० पौंड, म्हणजे परीक्षा ८० ची. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे जोड कच्चा असला तरी स्फोट होत नाही, नुसतं पाणी गळतं. वाफेचं तसं नाही.

६० पौंडांवर मागच्या जोडातून एक थेंब आला. एवढ्याने काय होतंय, असं मनात आलंच. नातू शेजारी उभा होता. म्हणाला, “आजोबा, आता पेटवायचं?” मी लायटर खिशात ठेवला.

सर, मी मूळचा या बॅचचा नाही, हे तुम्हाला आठवत असेल. नववीत विज्ञानात तीन गुण कमी पडले. वडील विनंती करायला आले, तरी तुम्ही मला वर ढकललं नाहीत. त्या रागात मी निरोप समारंभालाही तुमच्या पाया पडलो नाही. त्या संध्याकाळी पंप हातात धरून बसलो असताना तुमचीच आठवण झाली. मलाही तुम्ही थंड पाण्यातच तपासलं होतं. भाजलं कुणालाच नाही.

जोड पुन्हा केला, पुन्हा तपासला. ८० वर काटा हलला नाही.

ते वर्ष गेलं नसतं तर तुम्ही सगळे मला भेटला नसतात.

इंजिन बरोबर आणलं आहे. जेवणानंतर मैदानावर रूळ मांडतो. रेग्युलेटर मात्र सरांनी उघडायचा. राहिलेला नमस्कार मी तेव्हाच करणार आहे.