एकाच पाण्यातून

आज आपण बाप्तिस्म्याविषयी बोलू.

बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवण्याचा विधी, असं पुष्कळांना वाटतं. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बुडवणं. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल तो उलगडून सांगतो. पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं. वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. कुठे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात, कुठे जाणत्या वयात नदीत बुडी देतात. अर्थ तोच.

मग मरायचं कशाने? आपल्या मीपणाने, आणि त्याच्याबरोबर कुळाच्या, जातीच्या अभिमानानेही.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. आधी त्यांनी जातिभेद मनातून काढला आणि काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला.

आपल्या मंडळ्यांत सगळे एका बाकावर बसतात, एकाच मेजावरचं प्रभुभोजन घेतात. पण सोयरीक जुळवताना हळूच प्रश्न येतो, ‘मूळचे कोण?’ एकाच पाण्यातून वर आलेल्यांचं मूळ आणखी कुठे शोधायचं?

बाप्तिस्मा एकदाच होतो, जगायचा मात्र रोज असतो. पुढचं स्थळ येईल तेव्हा मुलीचा स्वभाव विचारू, मुलाचं वागणं विचारू. तो एक प्रश्न तेवढा पाण्यातच राहू देऊ.