एका अक्षराचा भात



उत्परिवर्तन म्हटलं की आपल्या मनात पहिल्यांदा रोग किंवा व्यंग येतं. ही समजूत अपुरी आहे, असं मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे, आणि त्याचा पुरावा रोजच्या भातात आहे. तांदळातलं स्टार्च दोन प्रकारचं असतं: जवळजवळ सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलं की भात मोकळा होतो, कमी असलं की चिकटतो. ते तयार करणारं मुख्य एन्झाइम सहाव्या गुणसूत्रावरच्या 'वॅक्सी' जनुकातून येतं. इंडिका गटातल्या अनेक वाणांत हे जनुक जोमाने काम करतं आणि अमायलोज पंचवीस टक्क्यांच्याही वर जातं. जपानी पद्धतीच्या जॅपोनिका वाणांत मात्र या जनुकात एकच अक्षर बदललेलं आहे, 'जी'च्या जागी 'टी'. ते नेमकं अशा ठिकाणी आहे की जनुकाच्या संदेशातला अनावश्यक तुकडा नीट कापला जात नाही. एन्झाइम सुमारे दहापट घटतं आणि भात मऊ, किंचित चिकट होतो. पुढे याच जनुकात तेवीस अक्षरांचा एक तुकडा दुबार आला, एन्झाइम निकामी झालं आणि अमायलोज जवळपास संपलं. आग्नेय आशियातला चिकट तांदूळ तो हाच. आपल्या आसामातल्या बोरा तांदळातही अमायलोज असंच नाममात्र असतं. साध्या तांदळाचा दाणा कापून त्यावर आयोडीन टाकलं तर तो निळा-काळा होतो, चिकट तांदळाचा लालसर तपकिरी. जनुकातला फरक असा प्रयोगशाळेतल्या एका थेंबात दिसतो.

यावर कुणी म्हणेल, बहुतेक उत्परिवर्तनं घातकच असतात, हा अपवाद आहे. आक्षेप खरा आहे. फांद्या छाटणारं एन्झाइम बिघडलं तर स्टार्चऐवजी विरघळणारं फायटोग्लायकोजेन साठतं आणि दाणा सुरकुततो. असं वाण शेतात सहसा कुणी ठेवणार नाही. 'वॅक्सी' बिघडलं तरी अमायलोपेक्टिन बनतच राहतं, दाणा भरतो, रोप जगतं. म्हणून शेतकऱ्याच्या हाती निवडीला वाव राहिला आणि ज्यांना चिकट भात आवडला त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या जपला. दुसरा आक्षेप असा की भाताचा पोत जनुकापेक्षा हवामानावर ठरतो. हवामानाचा वाटा आहेच. जॅपोनिकातला तो सदोष संदेश थंडीत अधिक नीट कापला जातो, आणि दाणा भरताना गारवा असेल तर अमायलोज वाढतं. पण हवामान इथे काम करतं ते त्या बदललेल्या अक्षरातूनच.

आता लक्ष आणखी एका बदलाकडे आहे. फांद्या घालणारं एन्झाइम बंद पडलं की सावकाश पचणारं, प्रतिरोधक स्टार्च वाढतं. मधुमेहींसाठी त्याचं मोल मोठं आहे. मात्र असा दाणा बऱ्याचदा हलका भरतो, उत्पन्न घटतं, आणि हा गुण राखून दाण्याचं वजन कसं परत मिळवायचं, याच प्रश्नाशी पैदासकार आज झगडत आहेत.