सुईणीचे हात, शास्त्राची दृष्टी

(परिचर्या-प्रशिक्षणार्थी आणि गर्भवती भगिनींसमोर दिलेले व्याख्यान)



वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई जोशी माता झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत त्यांचे बाळ गेले. त्या दुःखाला त्यांनी कपाळाला हात लावून उत्तर दिले नाही. त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. प्रसूतीच्या वेळी मातेजवळ जाणती व्यक्ती हवी, हा त्यांच्या जीवनाने मागे ठेवलेला प्रश्न आहे. आजचा विषय तोच आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी चार परिचारिका सांगितल्या आहेत. त्या प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. चरकसंहितेत स्वतंत्र सूतिकागाराचे वर्णन असून, परिचारिका अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ आणि कष्ट सोसणाऱ्या असाव्यात, असे म्हटले आहे. कौशल्य, स्वच्छता आणि माया ही या विद्येची तीन अंगे होत.

परंतु केवळ पूर्वजांचा गौरव करून भागत नाही. ज्या समाजाच्या ग्रंथांत कापलेल्या नखांचा उल्लेख आहे, त्याच समाजात पुढे बाळंतीण अंधाऱ्या, कोंदट खोलीत पडू लागली. नाळ गंजक्या विळ्याने कापली जाऊ लागली. देशाच्या अनेक भागांत हे काम करणाऱ्या सुईणीला तर विटाळाच्या नावाखाली दूर ठेवले गेले. जिच्या हातांत वंशाचा दीप प्रथम येतो, तिचीच सावली टाळायची, ही विसंगती आपल्याच घरातली आहे आणि तिची जबाबदारीही आपलीच आहे. सुईणीला प्रतिष्ठा नाकारली गेली, म्हणून तिला शिक्षणही मिळाले नाही. आणि त्याची किंमत माता व अर्भकांनी मोजली.

अज्ञान केवळ खेड्यातच होते असे नाही. व्हिएन्नाच्या प्रख्यात रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एका विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या माता कितीतरी अधिक होत्या. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांना कारण सापडले : विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. विद्वानांनी मात्र त्यांची दीर्घकाळ उपेक्षाच केली. साध्या गोष्टीचे मोल मोठ्या माणसांनाही उशिरा कळते.

आपल्या महाराष्ट्रात या साध्या गोष्टींचे सामर्थ्य गडचिरोलीने सिद्ध केले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, हे सारे त्या शिकल्या. नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये शासनाने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीच्या बुद्धीवर विश्वास टाकला, तर ती काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आता आजचे चित्र पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. २००१-०३ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ पर्यंत उतरला. ही अभिमानाची बाब आहे. पण त्याच २०१९-२१ च्या पाहणीत खासगी रुग्णालयांतील जवळजवळ निम्म्या प्रसूती शस्त्रक्रियेने, तर सरकारी रुग्णालयांतील सुमारे १४ टक्के शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळते. आवश्यक शस्त्रक्रिया जीवनदायी असते, तिची भीती बाळगू नये. मात्र नैसर्गिक प्रसूतीला धीराने साथ देणारे हात कमी पडत असतील, तर विचार करायला हवा. म्हणूनच केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण योजले आहे.

विद्यार्थिनींनो, तुमच्या विद्येचा कस शांत घटकेत लागतो. कळांची नोंद तक्त्यावर वेळच्या वेळी करणे, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणे, रक्तदाब मोजणे, वार पडल्यावर रक्तस्रावावर डोळा ठेवणे, ही कामे कंटाळवाणी वाटतील. पण प्राण वाचतात ते त्यांतूनच. बाळ रडले नाही, तर पहिले मिनिट सोन्याचे असते. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे संकट वेळीच ओळखून रुग्णेला पुढे पाठवणे हा पराभव नसून तीही विद्याच आहे. कळा सोसणाऱ्या मातेवर खेकसणारी परिचारिका कितीही कुशल असली, तरी तिची विद्या अपुरीच आहे.

भगिनींनो, तुमचेही शिक्षण तितकेच महत्त्वाचे. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा. किमान चार तपासण्या चुकवू नका. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळते. म्हणून लोहाच्या गोळ्या नियमित घ्या, मात्र चहासोबत घेऊ नका. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, कळांआधी पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. बाळाला पहिल्या तासात चिकाचे दूध द्या. ते काढून टाकण्याची रूढी आता टाकून द्यावी.

पहिलटकरीण माहेरी जाते, ही आपली सुंदर रीत आहे. पण साडी-चोळीबरोबर तपासण्यांचे कार्डही पिशवीत असू द्या, अन्यथा तिथल्या परिचारिकेला मागचे काहीच कळत नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी ओटी भरली जाते; त्याच दिवशी घरातील पुरुषांनीही बसून ठरवावे : रुग्णालय कोणते, रात्री वाहन कोणाचे, रक्त लागले तर देणार कोण. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदात्यांची आणि वाहनांची यादी तयार ठेवावी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, लागते ती आस्था.

आनंदीबाईंचे बाळ गेले, तेव्हा जाणते हात दुर्मीळ होते. आज ते हात घडवणे शक्य आहे. ते घडवणाऱ्या विद्येला आणि त्या हातांना समाजाने मान दिला, तर घराघरांतला पाळणा हलता राहील.