इंग्रजी कवितेचा तास

मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजीचा तास सुरू होण्यापूर्वी वर्गात जी शांतता पसरते, ती बरीचशी भीतीची असते. इतिहासाच्या तासाला वहीच्या कडेला निर्धास्तपणे चित्रे काढीत बसणारा मुलगा या तासाला पुढच्याच्या पाठीआड अंग चोरून बसतो. केव्हा आपले नाव पुकारले जाईल आणि उभे राहून चार ओळी मोठ्याने वाचाव्या लागतील, याचा नेम नसतो. वाचताना अडखळणे हे मराठीतही घडते. पण इंग्रजीत अडखळले की वर्ग हसतो. गणितातल्या चुकीला कोणी हसत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी शाळांत शिकणाऱ्या मुलांची स्थिती आणखी निराळी. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या त्यांना हाताळाव्या लागतात. शिवाय घरी बोलली जाते ती भाषा पुस्तकातली मराठी नव्हेच; तिच्यात कानडी हेल आणि कानडी शब्द इतके मुरलेले असतात की पुण्याकडचा पाहुणा आला तर एकेक वाक्य दोनदा विचारून घेतो. देवनागरी आणि कन्नड या लिप्या बव्हंशी बोलावे तसे लिहू देतात. रोमन लिपीचा स्वभाव तसा नाही. 'नाइफ' लिहिताना ती आरंभी 'के' मागते आणि उच्चारताना तो गिळून टाकावयास सांगते. अशा मुलांच्या पुढ्यात दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा इंग्रज कवी येऊन बसतो, आणि चाळीस मिनिटांत त्याचा निकाल लावावयाचा असतो.

तो निकाल कसा लागतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. शिक्षक कविता एकदा मोठ्याने वाचतात, कठीण शब्द फळ्यावर लिहितात, त्यांचे मराठी अर्थ सांगतात आणि मग ओळीमागून ओळ मराठीत उलगडून देतात. मुले पेन्सिलीने प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी शब्द लिहितात. वर्षअखेरीस पुस्तकाचे पान मुंगळ्यांची रांग लागावी तसे दिसते. पुढे प्रश्नोत्तरे उतरवून घेणे, ती पाठ करणे, आणि कोणी कोणास म्हटले, कोणत्या संदर्भात म्हटले, याचे ठरीव उत्तर लिहिणे. शिक्षकांना कंटाळा आला तर गाईड असतेच. या साऱ्या व्यवहारात कविता वाचली जाते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

तथापि या पद्धतीची नुसती टवाळी करणे सोपे आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या इंग्रजीचा पाया घातला गेला, त्या पिढ्यांनी काही कमी वाचन केले नाही. 1835 साली मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले, तेव्हा त्याच्या मनात राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधले दुभाषे तयार करण्याचा हेतू होता, हे त्याने लपविले नाही. कारकून तर या शिक्षणाने पुष्कळच निर्माण केले. पण त्याच तासांतून दुसरेही काही घडले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकविणाऱ्या आगरकरांनी 1883 साली 'हॅम्लेट'ला 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. बेळगावात शिकलेल्या आणि तेथेच काही काळ शिक्षकी केलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, तो 1890 साली. चौदा ओळींचा इंग्रजी काव्यबंध मराठीत रुजविणारे केशवसुत हे तर जन्मभर शाळामास्तर. त्यांची अखेरची नोकरी धारवाडला होती, आणि 1905 साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला. या मंडळींच्या शिक्षकांनीही बहुधा शब्दांच्या डोक्यावर शब्दच लिहून घेतले असतील. पद्धत तीच असूनही एका वर्गात ठिणगी पडते आणि दुसऱ्यात पडत नाही, तेव्हा कारण पद्धतीपलीकडे शोधावे लागते.

याच पट्ट्यातील एका हायस्कूलमधील तासाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. शिकविणाऱ्या बाई मध्यमवयीन, शिक्षण बेताचे, इंग्रजी उच्चार थेट बेळगावी. कविता वर्ड्स्वर्थची, 'द सॉलिटरी रीपर'; कितीतरी पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या फिरत आलेली. डोंगराळ स्कॉटलंडमध्ये एक मुलगी एकटीच शेतात कापणी करीत असते आणि कापता कापता गात असते. वाटसरू कवी थबकतो, ऐकतो आणि पुढे निघून जातो. कथाभाग म्हणून सांगावयाचा तो इतकाच.

बाईंनी 'रीपर' हा शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारला. सुताराच्या मुलाने सांगितले की कौलांखाली ज्या लाकडी रिपा मारतात, त्या मारणारा तो रीपर. वर्ग हसला. दुसऱ्याने हात वर केला: रीपर म्हणजे भात कापावयाचे यंत्र; गेल्या वर्षी गावात भाड्याने आले होते. गाईडात पाहून पाठ केलेला अर्थ तिसऱ्याने सांगितला. तिघांपैकी पहिला चुकला, दुसरा अर्ध्याहून अधिक बरोबर होता, आणि तिसऱ्याला शब्द कळला होता की नाही, हे सांगता येत नव्हते.

दिवाळी होऊन गेलेली, सुगीचे दिवस. पटावर चव्वेचाळीस नावे आणि वर्गात जेमतेम तीस मुले. हजेरी घेताना बाईंच्या ध्यानात आले की जी मुले कविता ऐकावयास हजर आहेत ती बहुतेक बाजारपेठेजवळची, आणि ज्यांना कापणी म्हणजे काय हे सांगावे लागले नसते, ती सगळी कापणीलाच गेलेली आहेत. त्यांनी त्या दिवशी फक्त कविता वाचून दाखविली आणि तीन तास व्याकरण घेतले. वेळापत्रकाच्या दृष्टीने हा आळसच ठरला असता. शेतावरची मुले परत येईपर्यंत कविता थांबवून ठेवण्याचा निर्णय त्यांनी कोणालाही न विचारता घेतला.

कविता पुन्हा निघाली तेव्हा त्यांनी अर्थापूर्वी कवितेची हकीकत सांगितली. ती हकीकत गाईडात सहसा नसते. वर्ड्स्वर्थ 1803 साली बहीण डोरोथी आणि मित्र कोलरिज यांच्यासह स्कॉटलंडच्या प्रवासाला गेला होता, आणि शेतात एकट्याने कापणी करणारी माणसे त्या प्रवासात त्यांच्या दृष्टीस पडली होती. पण कविता लिहिली गेली 1805 मध्ये, आणि तिचे निमित्त निराळेच होते. टॉमस विल्किन्सन नावाच्या त्याच्या स्नेह्याने आपल्या प्रवासाचे हस्तलिखित त्याला वाचावयास दिले होते. त्यातील एका वाक्यात गेलिक भाषेत गाणाऱ्या कापणीवालीचा उल्लेख होता. कविता 1807 साली छापली गेली; विल्किन्सनचे पुस्तक बाहेर पडावयास 1824 साल उजाडले.

"म्हणजे कवीने तिला पाहिलंच नाही?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"त्या मुलीला नाही पाहिलं."

"मग हे खोटंच झालं की, बाई."

काव्यातील सत्य या विषयावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत; त्यांतले एकही वाक्य बाईंच्या मदतीला आले नाही. त्यांनी मुलाला इतकेच विचारले की, पंढरपूर न पाहिलेल्या माणसाला अभंग म्हणता येतो की नाही. मुलगा विचारात पडला. उत्तर पुरते होते असे नाही. पण वर्ग जागा झाला होता.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड होता. ती मुलगी गेलिकमध्ये गाते, कवीला ती भाषा येत नाही, म्हणून तो तर्क करीत राहतो: जुन्या लढायांचे गाणे असेल, की रोजच्या जगण्यातले एखादे दुःख असेल? एका मुलाने विचारले, "त्याला काहीच कळलं नाही, मग एवढी कविता केली कशाला? आम्हाला कळलं नाही तर मार्क जातात." वर्ग हसला, पण हे हसणे नेहमीच्या हसण्याहून वेगळे होते. परक्या भाषेपुढे गोंधळून उभा असलेला माणूस म्हणून खुद्द इंग्रजीचा एक थोर कवी त्यांना प्रथमच दिसला होता.

बाईंना येथे एक जुनी गोष्ट आठवली आणि त्यांनी ती विषयांतर करून सांगितली. शेक्सपिअर पंधरा वर्षांचा असताना, 1579 साली, टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात उतरला. त्याच्याही कानांवर अनोळखी भाषा पडली. पण तो पुढे निघून गेला नाही. चाळीस वर्षे तेथेच राहिला, मराठी शिकला आणि ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचून मोकळा झाला. ते 1616 साली सासष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. मराठी ओवी रोमन अक्षरांत वाचावयाची कल्पना मुलांना फार गमतीची वाटली. दोघांनी तेवढ्यात आपापली नावे फळ्यावर तशी लिहूनही पाहिली.

आठ दिवस गैरहजर राहून आलेली एक मुलगी खिडकीशी बसली होती. डाव्या हाताच्या बोटाला विळ्याची जखम, तिच्यावर कापडाची चिंधी. बाईंनी तिला विचारले, तुमच्याकडे कापताना बायका काय म्हणतात? अपेक्षा अशी की ती एखादी भलरी म्हणून दाखवील आणि कविता एकदम शेतावर जाऊन पोहोचेल. पुष्कळ शिक्षक असे प्रश्न उत्तर मनात ठरवूनच विचारतात. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गाणी कुठली, बाई? कंबर मोडते. मोबाइलवर कोणीतरी लावतं तेवढीच."

वर्ग गप्प झाला. थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "तो डोंगरावर उभा होता. वाकलेली ती होती."

समीक्षकांना हा आक्षेप नवा नाही. पण तो येथे ज्या अधिकाराने घेतला गेला, तो अधिकार पुस्तकातून येत नाही. बाईंनी कवीची बाजू घेतली नाही आणि मुलीला शाबासकी देऊन विषय मिटवूनही टाकला नाही. त्यांनी सर्वांना कविता पुन्हा वाचावयास लावली आणि कवीला मुलीच्या श्रमाचे भान कोठे आहे, ते शोधावयास सांगितले. सापडले ते फार थोडे: ती एकटी आहे, कापते आहे, पेंढ्या बांधते आहे, विळ्यावर वाकली आहे. "वाकली आहे एवढं तरी त्याला दिसलं," असे मुलगी म्हणाली. तो काही मोठा समेट नव्हता.

खरी अडचण नंतर आली. परीक्षेत या कवितेवर प्रश्न येतो, त्याचे उत्तर ठरलेले आहे: गीताचे माधुर्य कवीच्या अंतःकरणात दीर्घकाळ राहिले. मुलीने स्वतःचे उत्तर लिहिले तर परीक्षक गुण देईल याची हमी नाही, आणि या भागात नापास होणाऱ्याच्या गळ्यातला धोंडा पुष्कळदा इंग्रजीचाच असतो. दहावीला अडलेल्या मुलीला घरी दुसरी संधी मिळेलच, असे सांगता येत नाही. तिच्या थोरल्या बहिणीला मिळाली नव्हती. बाईंनी तिला स्पष्ट सांगितले की पेपरात ठरीव उत्तर लिहावयाचे, आणि वहीत स्वतःचे लिहून आणावयाचे, इंग्रजीत. हा दुटप्पीपणा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. परीक्षा बदलणे शिक्षकांच्या हाती नसते. वहीपुरते राज्य मात्र त्यांचे असते, आणि तेही अनेकजण चालवीत नाहीत.

मुलीने सात ओळी लिहून आणल्या. क्रियापदे चार ठिकाणी चुकली होती. बाईंनी ती दुरुस्त केली, मजकुराला हात लावला नाही, आणि बुडालेल्या आठ दिवसांचे व्याकरण भरून काढण्यासाठी तिला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबावयास सांगितले. शेवटची बस साडेपाचची असल्याने त्यातली वीस मिनिटेच मिळत.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक गोष्ट होती. शेतात कोणी गात नाही, हे खरे. पण पूर्वी जात्यावर गात असत, असे आजीने सांगितले होते, आणि एक ओवी नातीकडून लिहून घेतली होती. पुढच्या तासाला बाईंनी ती फळ्यावर लिहिली आणि वर्गाला तिचे इंग्रजी करावयास सांगितले. नेहमीचा प्रवास उलटा झाला. आता मराठी शब्दांच्या डोक्यावर इंग्रजी शब्द चढू लागले. पहिली ओळ बरी उतरली. दुसऱ्या ओळीत 'माहेर' आले आणि गाडी अडली. कोणी 'मदर्स हाऊस' म्हटले, कोणी 'फादर्स हाऊस', कोणी नुसते 'होम'. प्रत्येक शब्दावर मुलींनी माना हलविल्या. सासर आणि माहेर ही दोन्ही घरेच असताना एकट्या माहेरालाच 'होम' कसे म्हणावयाचे, असे मुलांपैकी एकाने विचारले. त्यावर मुलींच्या बाजूला बरीच कुजबुज झाली. सुताराचा मुलगा म्हणाला, शब्द तसाच ठेवू या, आणि त्याच्या डोक्यावर काहीच लिहावयाचे नाही. घंटा झाली तेव्हा वाद अजून चालूच होता.