वेळ साधणारा प्रकाश



आजचा विषय नावाने जड आहे: पॉलिमरच्या मिश्रणातलं विलगन आणि त्याला आकार देणारा प्रकाश. पण त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून करता येते. लोणी कढवलं, तूप गाळलं आणि पातेलं ओट्यावर सावकाश निवू दिलं, की तूप छान रवाळ होतं. तेच तूप घाईने फ्रिजमध्ये ठेवलं, तर बारीक, गुळगुळीत थिजतं. तूप तेच, भांडंही तेच. रवा धरायला अवधी किती मिळाला, एवढाच फरक. तुपात स्फटिक बनतात आणि मी सांगणार आहे ती क्रिया वेगळी आहे, हे खरं. तरी धडा एकच आहे. पदार्थाचा पोत त्यात काय काय आहे यावर ठरतो, तसाच तो कोणत्या क्षणी थांबला यावरही ठरतो. हा क्षण प्रकाशाला कसा साधता येतो, ते आज पाहू.

सुटे मणी आणि ओवलेल्या माळा

प्लास्टिकचा कचरा पुन्हा वापरायचा तर तो प्रकारानुसार वेगळा करावा लागतो. दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची, डब्याचं झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्हींमध्ये कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काही नाही, म्हणजे अगदी सख्खी भावंडं. तरीही वितळवून एकत्र केली तरी ती रेणूंच्या पातळीवर एकजीव होत नाहीत. असं का?

एका वाटीत लाल आणि पांढरे सुटे मणी घ्या आणि हलवा. ते मिसळतात, कारण मिसळून बसण्याच्या रचना असंख्य आहेत आणि वेगवेगळं बसण्याच्या अगदी थोड्या. या असंख्यतेचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. आता तेच मणी दोऱ्यात ओवा, हजार-हजार मण्यांच्या माळा करा. पॉलिमरचे रेणू म्हणजे अशाच लांब साखळ्या. एक मणी हलला की शेजारचाही ओढला जातो, आणि शक्य रचनांची संख्या एकदम आटते. मिसळण्यातून होणारा फायदा जवळजवळ संपतो. मग दोन प्रकारच्या मण्यांमधली किंचितशी नावडसुद्धा त्यांना वेगळं करायला पुरते.

पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणितात बसवलं. दोन्ही साखळ्या सारख्या लांबीच्या असतील, तर नावडीचा अंक आणि साखळीतल्या दुव्यांची संख्या यांचा गुणाकार 2च्या वर गेला की मिश्रण विलग होऊ शकतं. सुट्या रेणूंना वेगळं व्हायला 2 एवढी नावड लागते. हजार दुव्यांच्या साखळ्यांना 0.002 पुरते. हा एक आकडा लक्षात ठेवा. साखळी जितकी लांब, तितकं एकत्र नांदणं अवघड. पुढची सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे.

नक्षी कुठून येते

काही जोड्या मात्र जमतात. थर्माकोल ज्यापासून बनतो ते पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल इथर ही अशीच एक जोडी. ती खोलीच्या तापमानाला मिसळलेली राहते आणि तापवली की विलग होते. म्हणजे आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या अगदी उलट!

अस्थिर झालेलं मिश्रण तेल-पाण्यासारखं लगेच दोन थरांत वेगळं होत नाही. आधी त्यात एक नक्षी उमटते. जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी 1958 साली मांडलेल्या सिद्धांतावरून तिचा उलगडा होतो. फार बारीक ठिपके झाले, तर दोन पदार्थांमधल्या सीमा वाढतात आणि त्यांची किंमत मोजावी लागते. फार मोठे ठिपके व्हायचे, तर रेणूंना लांबचा प्रवास करावा लागतो. म्हणून मधल्याच एका मापाची नक्षी सर्वांत वेगाने ठळक होते आणि सगळीकडे तीच दिसू लागते. एकमेकांत गुंतलेल्या दोन चक्रव्यूहांसारखी ही नक्षी असते. पुढे सीमा कमी करण्याच्या ओढीने बारीक भाग मोठ्यांत विरत जातात आणि नक्षी ढोबळ होते.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मिश्रणाचा पातळ, पारदर्शक थर असतो. त्यातून लेझरचा बारीक किरण पाठवला, की मागच्या पडद्यावर एकच लाल ठिपका दिसतो. पट्टी ठरावीक तापमानापुढे तापवली, की ठिपक्याभोवती अंधूक उजेडाचं एक कडं उमटू लागतं. पावसाळी रात्री चंद्राला खळं पडतं ना, तसं. मग ते कडं उजळत जातं आणि आत आत आक्रसू लागतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा श्वास रोखून उभा राहिलो होतो. कडं जितकं लहान, तितकी थरातली नक्षी मोठी. रेणूंची हालचाल आपल्याला दिसत नाही, पण ती पडद्यावर आपला हिशेब मांडत असते. तसंच चालू दिलं, तर कडं मधल्या ठिपक्यात मिसळून जातं आणि पट्टी दुधाळ होते.

ढकलणारा हात आणि धरणारा हात

आता प्रकाश आणू. जपानमधल्या क्योतो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये क्वी त्रान-कोंग-मियाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं याच जोडीवर काम केलं. त्यांनी पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांना अँथ्रासीनचे रेणू जोडले. 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला, की समोरासमोर आलेले दोन अँथ्रासीन एकमेकांना घट्ट जोडले जातात. म्हणजे प्रकाश साखळ्यांना गाठी मारतो.

गाठ पडली की साखळी मोठी होते, आणि मघाचं वाक्य आठवा: साखळी जितकी लांब, तितकं एकत्र नांदणं अवघड. म्हणून तापमान न वाढवताही, केवळ उजेडामुळे मिश्रण विलग होऊ लागतं. पण गाठी वाढत गेल्या की त्यांचं जाळं होतं, आणि जाळ्यात अडकलेल्या साखळ्यांना सरकता येत नाही. विलगन जिथल्या तिथे थबकतं. पडद्यावरचं कडं आत येता येता उभं राहतं. विलगनाकडे ढकलणारा आणि त्याच विलगनाला रोखून धरणारा हात एकच आहे, प्रकाशाचा. या विषयाचं सगळं सौंदर्य मला इथे दिसतं.

मग नक्षीचा आकार कोण ठरवतं? दोन वेगांची शर्यत. दिवा प्रखर असेल तर जाळं लवकर विणलं जातं आणि नक्षी बारीक राहते. मंद असेल तर तिला वाढायला सवड मिळते. शिवाय थरात खोल जाताना प्रकाश शोषला जातो. त्यामुळे दिव्याकडच्या बाजूला बारीक आणि तळाकडे ढोबळ, अशी उतरती वीण एकाच तुकड्यात मिळू शकते. उष्णता सगळीकडे पसरते. प्रकाशाला मात्र सावलीने अडवता येतं, बटणाने थांबवता येतं. इतकंच काय, 300 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश टाकला तर अँथ्रासीनच्या गाठी सुटूही लागतात. बांधणाराही प्रकाश, सोडवणाराही प्रकाश.

दुधाळ काच

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं आहे का? नाही. काही कार्यालयांच्या बैठकीच्या खोलीत बटण दाबताच दुधाळ काच पारदर्शक होते, ती तुम्ही पाहिली असेल. अमेरिकेत ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विल्यम डोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात अशा काचेतल्या पातळ फिल्मवर पायाभूत काम केलं. ती करण्याची एक रीत अशी. द्रव स्फटिक आणि साखळी न झालेले सुटे मोनोमर यांचं एकजीव मिश्रण दोन काचांमध्ये भरतात आणि त्यावर अतिनील प्रकाश टाकतात. मोनोमर जोडले जाऊन साखळ्या लांबत जातात, तसा द्रव स्फटिक त्यांच्यात मावेनासा होतो आणि थेंबाथेंबाने वेगळा होतो. थेंब साधारण मायक्रोमीटरच्या घरात असतानाच भोवतीचा पॉलिमर घट्ट होतो आणि ते जागच्या जागी अडकतात.

विजेविना प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला असतात, प्रकाश विखुरतो आणि काच दुधाळ दिसते. विद्युत दाब दिला की सगळे एका दिशेला वळतात. त्या दिशेने पाहताना थेंबाचा आणि पॉलिमरचा अपवर्तनांक जुळतो, आणि पलीकडचं स्वच्छ दिसतं.

इथे दिव्याची प्रखरता चुकली तर सगळं बिनसतं. थेंब फार बारीक झाले तर त्यांना वळवायला जास्त विद्युत दाब लागतो. फार मोठे झाले तर प्रकाश हवा तसा विखुरत नाही. दोन लेझर किरण एकमेकांवर पाडून उजेड-अंधाराचे पट्टेही तयार करता येतात. उजेडाच्या पट्ट्यात पॉलिमर साचतो, अंधाराच्या पट्ट्यात द्रव स्फटिक ढकलला जातो, आणि विजेने चालू-बंद होणारी जाळी तयार होते. तिथे प्रकाशच प्रकाशासाठी साचा घडवतो.

श्रोतेहो, या काचेतले दोन पदार्थ पूर्ण एकजीव राहिले असते, तर असा एकही थेंब तयार झाला नसता. ते पूर्ण वेगळे झाले असते, तर दोन थर मिळाले असते. तिचा उपयोग या दोन टोकांच्या मध्ये, अर्ध्या वाटेवर आहे, आणि त्या वाटेवर नेमकं कुठे थांबायचं हे एका दिव्याने ठरवलं आहे. विज्ञान शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: कोणताही पदार्थ हातात घेतलात की तो कशाचा बनला आहे हे विचाराच, आणि त्याबरोबर तो कधी थांबला आणि त्याला कोणी थांबवलं, हेही विचारा.