दांपत्यजीवन आणि स्त्रीचे कामसौख्य
(गारखेडा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या चर्चेत पिण्याचे पाणी, लसीकरण, माताबालसंगोपन हे विषय मोकळेपणाने येतात. पतिपत्नींच्या शरीरसंबंधाचा विषय मात्र कुटुंबनियोजनाच्या साधनांपाशी येऊन थांबतो. त्या संबंधात स्त्रीला सुख लाभते की नाही, हा प्रश्न तर सहसा कोणी विचारीतच नाही. वास्तविक तो आरोग्याचा, संसारातील समाधानाचा आणि स्त्रीच्या प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

हा प्रश्न नवा नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात स्त्रीच्या कामसुखाचे स्वरूप काय, यावर पूर्वाचार्यांचे मतभेद नोंदवून चर्चा केलेली आहे. विसाव्या शतकात महाराष्ट्रात हा प्रश्न निर्भयपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, ही त्यांची आग्रही भूमिका होती. या लेखनासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हाच आरोपाचा विषय होता. कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला व दंड झाला. परंतु १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्वे यांनी मासिक बंद केले नाही. शंका विचारणाऱ्यास खरे उत्तर मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी पदरमोड करून जपले.

त्यानंतर शास्त्राने पुष्कळ प्रगती केली. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली स्त्रीपुरुषांच्या लैंगिक प्रतिसादाचे प्रयोगशाळेत केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. उत्तेजना वाढणे, ती काही काळ टिकणे, परमोच्च सुखाचा क्षण येणे व त्यानंतर शरीर शिथिल होणे, हे टप्पे दोघांतही आढळतात असे त्यातून दिसले. १९९८ साली ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलेन ओकॉनेल यांनी स्त्रीच्या शिश्निका या अवयवाची रचना नव्याने तपासली. बाहेरून दिसणारा भाग हा त्याचा लहानसा अंश असून उर्वरित मोठा भाग शरीराच्या आत असतो, हे त्यांनी दाखविले. स्त्रीच्या कामसुखात या अवयवाचा वाटा प्रमुख आहे. म्हणूनच केवळ समागमाने पुष्कळ स्त्रियांना पूर्ण तृप्ती लाभत नाही. हा स्त्रीचा दोष नव्हे आणि पुरुषाच्या पौरुषाची उणीवही नव्हे. ती निसर्गाची रचना आहे.

दुसरी गोष्ट इच्छेची. इच्छा आधी व स्पर्श नंतर, असा क्रम सर्वांचा असतो ही समजूत अपुरी आहे. अनेक स्त्रियांच्या मनात इच्छा ही जवळीक, विश्वास व स्पर्श यांच्यानंतर जागी होते. त्यासाठी वेळ लागतो आणि मन निर्धास्त असावे लागते. गारखेडा हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव. आज तो छत्रपती संभाजीनगरचा दाट वस्तीचा भाग आहे. अशा वस्तीत एका-दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदत असतील, तर एकांत कोठून मिळणार? पहाटेपासून पाणी, स्वयंपाक, नोकरी किंवा मजुरी यांत पिचलेल्या स्त्रीला रात्री विश्रांती हवी असते. गर्भ राहण्याची भीती मनात असेल तर सुखाची जागा धास्ती घेते. अशा वेळी पत्नीला ‘थंड’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे.

काही कारणे शरीराची असतात. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉइडचे विकार, नैराश्य व त्यावरील काही औषधे यांमुळे इच्छा मंदावते. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी गेल्यानंतर योनिमार्ग कोरडा पडून संबंध वेदनादायक होतात. जंतुसंसर्गानेही वेदना होते. यांपैकी बहुतेक तक्रारींवर उपाय आहेत. परंतु वेदना हेच स्त्रीचे नशीब असे मानले गेले की ती दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. मौनाची किंमत किती असते, ती या आकड्यांवरून कळते.

या सर्वांच्या मुळाशी संमती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, इच्छा नसेल तर पतीला नकार देऊ शकतो, असे देशातील ८२ टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितले. ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु उरलेल्या स्त्रियांचा विचार कोणी करावयाचा? त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. जिचे शरीर व मन अजून वाढत आहे, तिच्या वाट्याला सुख नव्हे, भयच येते. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे, हेही गावोगाव समजले पाहिजे.

मग करावयाचे काय? शिक्षकांनी वाढत्या वयातील मुलामुलींना त्यांच्या वयाला साजेल अशी शरीराची व परस्परसंमतीची माहिती संकोच न करता द्यावी. ती मुलींना जितकी आवश्यक, तितकीच मुलांनाही आवश्यक आहे. कारण उद्याचा पती आज त्यांच्याच वर्गात बसलेला असतो. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत स्त्रीरोगतपासणीचा विषय घ्यावा, डॉक्टर व आशाताई यांना तेथे बोलवावे आणि बालविवाह रोखण्यास पुढाकार घ्यावा. आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्त्रीला तिची तक्रार एकांतात सांगता येईल अशी सोय करावी, आणि ऐकलेली गोष्ट स्वतःपाशीच ठेवावी.

घरात मात्र हे काम पतीलाच करावे लागेल. पत्नीला काय आवडते, काय दुखते, आज तिचे मन आहे की नाही, एवढे आपुलकीने विचारावे आणि मिळालेल्या उत्तराचा मान राखावा. पत्नीनेही मनातली गोष्ट बोलून दाखविण्यात कमीपणा मानू नये. ज्या घरात स्त्रीला ‘हो’ आणि ‘नको’ हे दोन्ही शब्द निर्भयपणे उच्चारता येतात, त्याच घरातील ‘हो’ला खरा अर्थ असतो.